सेबा की क्लार्की?

आमच्या घरमालकांनी घरात समुद्र ठेवला होता. फुगवून सांगत नाहीये. ग्वाल्हेरात, माधवगंजात, जिथून समुद्र गाठायचा तर आगगाडीत बसून कंबर मोडून घ्यावी लागते, तिथे तळमजल्याच्या बैठकीत भिंतीला लागून एक भलीमोठी काचेची टाकी होती आणि तिच्यात खरोखरचं खारं पाणी होतं. मी सांगलीची, कृष्णेचं पाणी प्यायलेली. यांना मालनपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर ग्वाल्हेरला आले. वरची खोली भाड्यानं घेतली, ट्रंक उतरवली, तर घरमालक समोर उभे. पायजमा, बंडी, नाकावर घसरलेला चष्मा. मला नमस्कार केला आणि विचारलं, "आपण समुद्र आणलात का?"

मी मनात म्हटलं, झालं! वेड्याच्या घरात बिऱ्हाड केलं आपण.

नंतर कळलं की मुंबईकडून येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारायचे. नातेवाइकांनी बाकी काही आणू नये, बाकरवडी नको, आंबे नकोत, एक कॅन भरून समुद्राचं पाणी आणावं. तेही चौपाटीवरचं चालायचं नाही. होडीनं आत जाऊन, स्वच्छ पाहून आणलेलं हवं. त्यांचा एक मेहुणा दरवर्षी अलिबागहून निळा कॅन घेऊन यायचा आणि गाडीतल्या लोकांना सांगायचा की गंगाजल आहे, म्हणजे कोणी त्याच्यावर पाय ठेवत नसे. ते पाणी जिन्याखालच्या अंधारात पोत्याखाली झाकून महिनाभर निवळत ठेवायचं, मग टाकीत. उन्हाळ्यात कमी पडलं तर मद्रासहून मागवलेलं खास मीठ कालवायचं. काकू म्हणायच्या, "माझ्या लोणच्याला एवढी निगुती कधी केली नाही ह्यांनी."

त्यांचं नाव सांगत नाही. नावाची भानगड पुढे येणारच आहे. आम्ही काका म्हणायचो. एका सरकारी खात्यात ते नकाशे काढायचे. पूर्वज कधीकाळी दक्षिणेतून दरबाराच्या दप्तरात आले, तेव्हापासून हे घराणं इथलंच. बोलणं मराठी, पण कधी हिंदीत घसरेल ह्याचा भरवसा नाही. "ध्यानानं पाहा," "फुरसतीनं बसा," "ते तर आहेच." आणि सगळ्यांना आपण. मला आपण, दूधवाल्याला आपण, गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा "आपण जरा सरकाल का?" मला सुरुवातीला हसू यायचं. मग मीच एकदा माहेरी फोनवर आईला "आपण जेवलात का?" म्हणून बसले, आणि आई घाबरली की पोरीला सासरी काय झालं.

गल्लीत त्यांना मछलीवाले साहब म्हणत. त्यापायी असं व्हायचं की लांबचे लोक पत्ता विचारत यायचे आणि दारात उभं राहून रोहूचा भाव विचारायचे. शुद्ध शाकाहारी घर! काकू आतून पळीसकट धावत यायच्या. काका मात्र त्या माणसाला बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे आणि टाकी दाखवायचे. एकजण असाच मासे घ्यायला आला तो संध्याकाळपर्यंत टाकीसमोर बसला आणि जाताना पाया पडून गेला.

आणि दूधवाल्याची गोष्ट. खारेपणा मोजायला काकांकडे काचेची एक नळी होती, पाण्यात तरंगायची. एकदा दूधवाला दारात आला तेव्हा काका ती नळी बादलीत सोडून, डोळा बारीक करून वाचत होते. त्याला वाटलं, साहेबांनी दूध तपासायचं यंत्र आणलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचं दूध असं घट्ट झालं की सायीवर चमचा उभा राहावा. काकांना ह्यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं. काकूंनी आणि मी तोंडाला पदर लावून मजा पाहिली.

पण हे सगळं वरवरचं. काकांचा खरा जीव होता जोकर माशांत. केशरी-काळं अंग आणि त्यावर पांढरे पट्टे, असा तो मासा. टाकीत एक मोठी मादी होती, तिला ते बाईसाहेब म्हणत. उलटा ठेवलेला मातीचा कुल्हड हे तिचं घर. कोणी काचेजवळ बोट नेलं की ती धावून यायची, एवढीशी असून. काका मला म्हणाले, "ह्या सेबा आहेत." मग शेजारच्या छोट्या टाकीकडे हात केला, "आणि हे क्लार्की. जात वेगळी."

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. देवाशप्पथ सांगते, दोन्हीकडे तोच मासा होता.

"सारखेच तर दिसतात," मी म्हटलं.

काकांनी चष्मा काढला. रागावले की चष्मा काढायचे. "सारखं दिसणं हा पाहणाऱ्याचा आळस आहे," ते म्हणाले. "मासा तर आपलं काम चोख करून राहिला आहे. आपण पाहत नाही, त्याला तो काय करणार?"

हे वाक्य मी पुढे शंभरदा ऐकलं. पोस्टमन शेजारच्यांचं पत्र देऊन गेला की हे वाक्य, काकूंनी तुरीच्या जागी हरभऱ्याची डाळ भिजवली की हे वाक्य. मी तोंडाळ, मी म्हटलं एकदा, "काका, मासे विकणाऱ्यांना तरी कळतं का हो?" तर म्हणाले, "बिलकुल नाही. तेच तर दुःख आहे." मद्रासचा, मुंबईचा, कलकत्त्याचा, कुठलाही दुकानदार दोघांनाही एकाच नावानं विकायचा. बाईसाहेबांना जोडीदार म्हणून काका सेबा मागवायचे आणि पिशवीतून निघायचा क्लार्की. म्हणून तर शेजारची छोटी टाकी क्लार्कींनी भरली होती. फसवून आलेले पाहुणे सगळे, पण काका त्यांचंही तितकंच करायचे.

एकदा आमचे हे मुंबईला कंपनीच्या कामाला गेले तेव्हा तिथल्या बाजारातून एक पिल्लू घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पोटाशी धरून, रात्रभर बसून. दुकानदारानं आईची शपथ घेतली होती की सेबाच आहे. काकांनी पिशवी टाकीत तरंगत ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसले. संध्याकाळी मी विचारलं, "काय ठरलं?"

"लहानपणी दोघे फार सारखे असतात," काका म्हणाले. "अजून ते स्वतःच ठरवून राहिलेत."

काही आठवडे गेले. पिल्लाला वेगळ्या बरणीवजा टाकीत ठेवलं होतं. रोज ऑफिसातून आले की बूट न काढता आधी त्याच्यासमोर. एके दिवशी मी जिन्यावरून उतरताना पाहिलं तर काका मान खाली घालून बसलेले.

"क्लार्की," ते म्हणाले. "शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा उमटला."

आमच्या ह्यांचं तोंड एवढंसं झालं. काकूंना दोघांची कीव आली. त्या म्हणाल्या, "अहो, राहू द्या ना त्याला बाईसाहेबांजवळ. नांदतील. कोणाला कळतंय?"

चष्मा निघाला! "मला कळतंय," काका म्हणाले. "मी रोज त्यांच्यासमोर बसून चहा पितो. खोटं नाव ठेवून कसा पिऊ?" आणि त्या पिल्लाला त्यांनी छोट्या टाकीत, त्याच्या भाऊबंदांत सोडलं. बाईसाहेब एकट्या त्या एकट्याच राहिल्या.

तेव्हा मला ते हट्टी वाटले, खरं सांगते. एवढ्याशा पट्ट्यापायी एवढा कर्मठपणा!

मग राज्याचे दोन तुकडे झाले. छत्तीसगढ वेगळं निघालं. काकांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. "माझा जन्म झाला तेव्हा हे संस्थान होतं," ते म्हणाले, "मग मध्यभारत झालं, मग मध्यप्रदेश. मी ह्याच घरात बसून तीन राज्यं फिरलो. आता हेही पाहू." पण गल्लीत लोक म्हणत की छत्तीसगढ जाताना वीजघरंही बरोबर घेऊन गेलं. खरंखोटं सरकार जाणे, पण त्या उन्हाळ्यात बत्ती अशी गुल व्हायची की सकाळी गेलेली दुपार उलटली तरी पत्ता नाही. आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा! भिंतीला हात लावला तर चटका बसायचा.

पंखा बंद म्हणजे आपल्याला घाम. टाकीचा पंप बंद म्हणजे माशांना श्वासच नाही. काका ऑफिसातून सुट्टी टाकून यायचे, स्टुलावर उभे राहायचे आणि पितळी तांब्यानं टाकीतलं पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीत ओतायचे. उचलायचं, ओतायचं. त्यानं हवा मिसळते पाण्यात. गरम होऊ नये म्हणून बर्फाच्या बंद बाटल्या पाण्यात सोडायच्या. त्यांचे हात भरून आले की काकू, काकूंचे भरून आले की मी. एरवी "तुमचे मासे" म्हणून कुरकुरणाऱ्या काकू पदर खोचून स्टुलावर चढायच्या आणि बडबडत ओतत राहायच्या, "घ्या बाई, घ्या श्वास. माझा गेला तरी चालेल."

अशाच एका दुपारी मी तांब्या घेऊन उभी होते. खिडकीतून ऊन तिरकं आत आलेलं. बाईसाहेब अगदी पृष्ठभागाशी, माझ्या धारेखाली येऊन थांबल्या होत्या. आणि मला दिसलं. मधला पांढरा पट्टा सरळ खाली उतरत नव्हता; वरच्या टोकाला तो मागे झुकून थेट पाठीच्या परापर्यंत चढला होता. शेपूट सगळी पिवळी, तिच्या मुळाशी पांढरं काही नाही. मी छोट्या टाकीकडे वळून पाहिलं. तिथे पट्टा उभा, आणि शेपटीशी तिसरा पट्टा लख्ख.

"काका!" मी ओरडले. "हे वेगळे आहेत!"

काका जमिनीवर टेकून बसले होते, घामानं निथळत. वर पाहून असे हसले! "दिसलं ना?" म्हणाले. "आता नाही दिसणार असं करताच येणार नाही आपल्याला."

आणि खरंच, माझ्या डोळ्यांना काय झालं कोण जाणे. पुढे मला सगळीकडेच फरक दिसायला लागले. समोरच्या घरातल्या जुळ्या मुली, ज्यांना मी वर्षभर एकाच नावानं हाक मारत होते, त्या दोन निघाल्या. ह्या माणसानं मला डोळे दिले, असं म्हणते मी. काका रायपूरला गेल्यावर त्या दोन्ही टाक्यांत पाणी मीच ओतलं, आम्ही ग्वाल्हेरात होतो तोवर. ते रायपूरला कसे गेले, तेच सांगायचं आहे.

राज्य फुटलं तसे सरकारी नोकरही वाटले गेले. कोण इकडे, कोण तिकडे, अशा याद्या निघाल्या. काकांच्या खात्याची यादी लागली आणि त्यात काकांचं नाव छत्तीसगढकडे, म्हणजे रायपूरला. घरात रडारड. तेवढ्यात त्यांच्या ऑफिसातले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, येऊन सांगून गेले की ही चूक आहे.

चूक कशी, ते ऐका. त्याच खात्यात काकांच्याच नावाचे आणखी एक गृहस्थ होते. नाव तेच, आडनाव तेच. आपल्यातलेच, पण त्यांचे पूर्वज दप्तरात नाही, फौजेत आलेले. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर काकांचं गो, त्यांचं ग. बस्स, एवढाच फरक. काना आणि मात्रा! नोकरीत ते काकांहून धाकटे, म्हणून नियमानं जायचं होतं त्यांनी. यादी टाइप करणाऱ्यानं ग चा गो केला आणि गाडी काकांकडे वळली.

काकू म्हणाल्या, "मग अडचण काय? एक आपत्ती लिहून द्या, झालं."

मी चक्रावले. "आपत्ती कशी काय लिहून देणार? ती तर आली आहेच की!"

काकूंना एवढ्यातही हसू आलं. "अगं, इकडे आपत्ती म्हणजे हरकत. हरकत असेल तर कळवा, असं छापलंय त्यांनी."

काका टाकीसमोर बसले होते. ते हळूच म्हणाले, "पण सांगलीची आपत्तीही खोटी नाही. मी इथे हरकत लिहीन, ती त्यांच्या घरी संकट होऊन पोचेल." मग चष्मा पुसून म्हणाले, "आधी पाहून येतो. न पाहता वेगळं कसं सांगायचं?"

काकूंचे गुडघे धरलेले, म्हणून मला बरोबर घेतलं. टेंपोत बसून आम्ही थाटीपुरला गेलो, सरकारी क्वार्टरांच्या रांगेत. दार ढकलून काकांनी आपलं नाव सांगितलं. आतून एका तरुण मुलीचं हसणं ऐकू आलं.

"हे तर माझ्या बाबांचं नाव आहे! पण आपण बाबा नाही. आपला डावा पाय घासतो."

ती समोर आली. पंचविशीची असेल. डोळे मिटलेले; जन्मापासून दिसत नव्हतं तिला. पण काय ती ऐट! आम्हाला बसवलं, पाणी आणलं, ग्लास बरोबर हातात दिला. मला म्हणाली, "ताई, आपण दक्षिणेकडच्या. बांगड्या काचेच्या, आणि बोलताना शेवटचं अक्षर ओढता." काका खुर्चीतून अर्धे उठले. आपल्या जातीचं माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"आपण तर पाहता!" ते तिला म्हणाले.

ती जवळच्याच एका शाळेत गाणं शिकवत होती, नुकतीच लागली होती. एकटी जायची, एकटी यायची. कशी, ते तिनं काकांना सांगितलं. पिठाच्या गिरणीचा वास आला की डावीकडे. मग लोहाराचा घण उजव्या कानाला ठेवायचा. जिथे पायाखाली उतार लागतो तिथे शाळेचं फाटक. काका एकेक गोष्ट पुन्हा विचारत होते. गिरणी बंद असली तर? लोहार आजारी पडला तर? ती हसून सांगत होती. वडील बाजूला उभे. बदली झाली तर क्वार्टर खाली करावं लागणार, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

निघताना ते गृहस्थ दाराबाहेर आले. खालच्या आवाजात म्हणाले, "मला माहीत आहे साहेब, नंबर माझा आहे. आपण आपत्ती टाका. मी मनाची तयारी केली आहे. फक्त हिला अजून सांगितलं नाही."

काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि टेंपोत येऊन बसले. मुरारच्या रस्त्याला लागल्यावर एकदाच बोलले. "गिरणीपर्यंत पोचायला तिला किती दिवस लागले असतील हो?" मला रडू येत होतं, आणि रागही येत होता. कारण परत गेल्यावर काकू दारात वाट पाहत असणार, आणि टाकीत बाईसाहेब. रायपूरला काय समुद्र नेता येतो? एवढं पाणी हललं की मासे मरतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती त्यांची.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन कागद आणि पेन आणून काकांसमोर ठेवलं. "वाईट वाटतं मला त्या पोरीचं," त्या म्हणाल्या. "पण चूक ती चूक. आपण काही खोटं सांगत नाही आहोत. जे आहे ते लिहायचं." काकूंचं कुठे चुकत होतं? काका हो म्हणाले. पण कागद तसाच राहिला. दिवस जात होते, काका रोज माशांना खायला घालत होते, आणि काकू रोज त्या कोऱ्या कागदावरची धूळ झटकत होत्या.

शेवटी एका संध्याकाळी बडे बाबू स्वतः आले. भला माणूस. दारातूनच म्हणाले, "साहब, कल सूची पक्की होकर भोपाल जा रही है. आपकी आपत्ति आई ही नहीं! आप बस मुँह से बोल दीजिए, मैं अभी सुधरवा देता हूँ." आणि यादीचा कागद काकांच्या हातात दिला. "यह नाम आपका है, या थाटीपुर वालों का?"

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन थबकल्या. काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ते अक्षर किती वेळ पाहत होते! मला माहीत होतं त्यांना काय दिसतंय. त्या माणसाला ज्यातला फरक दिसणार नाही अशी वस्तू देवानं घडवलेली नव्हती.

"गो लिखा है," काका म्हणाले. "तो मैं ही हूँ."

"पर साहब, मात्रा की गलती..."

"कोई गलती नहीं." काकांनी चष्मा काढला, पण रागावलेले नव्हते. "नाम एक, खाता एक, काम एक. हम दोनों में कोई फर्क ही नहीं है, बड़े बाबू. बिलकुल एक जैसे हैं."

मला वाटलं ओरडून सांगावं, खोटं बोलतायत हे, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतायत! पण तोंडाळ मी, त्या पायरीवरच राहिले. मी काकूंकडे पाहिलं. त्या काकांकडे पाहत होत्या. मग त्या पुढे आल्या, ट्रे टेबलावर त्या कोऱ्या कागदावरच ठेवला, बडे बाबूंना कप दिला आणि विचारलं, "भैया, रायपुर में जाड़े में रज़ाई लगती है क्या? दोन न्यायच्या की एकीनं भागेल?"